म्हशाच्या जत्रेतली कानटोपी

बुधीचा डावा कान लहानपणीच बिघडला होता. मुरबाडकडच्या डोंगरातल्या वाडीत तिचा जन्म. एका हिवाळ्यात तापाने फणफणली, कानातून पू आला, आईने लसणाचं तेल घातलं, आणि ताप गेला तरी दुखणं कानात घर करून बसलं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात त्याची आठवणसुद्धा होत नसे. पण थंडीचा वारा सुटला की कानात कुणी दाभण खुपसतंय असं तिला वाटे.

लग्न होऊन ती शहापूरकडे, भातसा धरणाच्या पाण्यावरच्या वाडीत आली. नवरा लवकर गेला. भातसानगरच्या वसाहतीत दोन घरी स्वयंपाक करून तिने मुलीला, रंजिताला, मोठं केलं. कामावर जायला तिला उजाडायच्या सुमारास निघावं लागे. वाट सगळी पाण्याच्या कडेने. पौषात पाण्यावरून येणारा वारा पदर, स्कार्फ, शाल कशालाच जुमानत नसे. वसाहतीत पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे आणि भाकरी थापतानाही डावी बाजू ठणकत राही.

"आये, तू सरळ कानटोपी घे," रंजिता त्या वर्षी म्हणाली. ती आता आसनगावला एका दुकानात कामाला लागली होती आणि आईला चार गोष्टी सुनावायचा हक्क तिला आला होता.

"बाईमानसानं कानटोपी घालायची? लोकं हसतील ना गो."

"हसूंदे. कान तुजा दुखतो, लोकांचा नाय."

मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरली तेव्हा दोघी बुधीच्या माहेरी गेल्या आणि तिथून जत्रेत. बैलबाजार बघून झाला, देवाचं दर्शन झालं, मग ब्लँकेटांच्या ओळीत त्यांनी टोप्या बघायला घेतल्या. बुधीने डझनभर तरी डोक्यावर चढवून पाहिल्या. गोंड्याची गुलाबी टोपी कानांवर येतच नव्हती. माकडटोपी हनुवटीला करकचत होती. एक निळी चांगली होती, पण तिने ती तोंडासमोर धरून फुंकर मारली तर वारा आरपार.

शेवटी शेजारी जमिनीवर मांडलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगाकडे तिचं लक्ष गेलं. त्यात हात घातला तर एक तपकिरी टोपी हाताला लागली. हाताने विणलेली, जाड, घट्ट विणीची. डाव्या कानावर ती कधीतरी फाटली होती आणि तिथे कुणीतरी पिवळ्या लोकरीने रफू केलं होतं. बुधीने ती डोक्यावर ओढली.

जत्रा थांबली. पाळण्याचा खडखडाट, कर्णे, बैलांच्या घंटा, सगळं बंद. समोर रंजिताचे ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. आपल्या कानांवर मागून कुणीतरी दोन्ही तळवे ठेवलेत असं बुधीला वाटलं. ते तळवे मोठे होते. पण दुखणं जागच्या जागी विरघळलं, आणि तिला दुसरं काही नको होतं.

टोपी काढल्यावर रंजिताचा आवाज आला. "अगो, कुनी वापरल्याली हाय ती. आनि ओली कशी?"

"दव पडला आसंल," विकणारा म्हणाला.

पहिल्याच दिवशी बुधी ती टोपी घालून कामाला निघाली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या वाटेवर रडली नाही. पाण्याच्या वळणावर एक एकटं कौलारू घर होतं. तिथे अंबूबाई राहत असे. तिचा मुलगा जगदीश जाळी टाकायचा. एका थंडीत, दाट धुक्यात, तो होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. वसाहतीतल्या माणसांनी, गावाने परोपरीने सांगितलं, पण अंबूबाईने त्याचं दिवसकार्य केलं नाही. "मी डोल्यांनी बघितल्याबिगर पानी सोडनार नाय," एवढंच ती म्हणे. बुधीची नि तिची ओळख मान हलवण्यापुरती.

त्या सकाळी बुधी दारावरून गेली तेव्हा म्हातारी ओट्यावर उभी होती. तिने हात वर केला. तिचे ओठ हलले. बुधीने हसून मान हलवली आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बुधीने थांबून टोपी वर केली.

"आयलास का रे?" अंबूबाई विचारत होती. "च्या ठेवलाय. बस जरा."

"मावशी, मी बुधी. वरल्या वाडीची."

म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिने बुधीकडे नीट बघितलं, मग बुधीच्या खांद्यावरून मागे बघितलं, आणि ती आत निघून गेली.

टोपी मात्र सुकत नव्हती. बुधी रोज संध्याकाळी ती चुलीवरच्या दोरीवर टाके. सकाळी ती काढली की कडा ओल्या लागत, आणि तिला पाण्याच्या तळचा, शेवाळाचा वास येई. रंजिता चिडली. "फेकून दे ती. मी शहापूरवरून नवी आनते." बुधीने ऐकलं नाही. कान दुखत नव्हता. ज्याचा दुखतो त्यालाच त्याचं मोल.

मग एका सकाळी अंबूबाई वाटेत येऊन उभी राहिली. तिने बुधीच्या डोक्याला हात लावला. बोटं टोपीवरून फिरली आणि डाव्या कानावर, पिवळ्या रफूवर, थांबली. तिने बुधीच्या डोक्यावरून टोपी काढून छातीशी धरली.

"हा टाका माझा हाय," ती म्हणाली. "बाभळीला अडकून फाटली होती. तपकिरी लोकर सरली म्हनून पिवळी घातली. तो कुरकुरला. जाताना हीच होती त्याच्या डोक्यावर."

"मला म्हशाला गावली, मावशी. देवाशपथ. तुमची हाय, तुमीच ठेवा."

"नको!" म्हातारीने घाईघाईने टोपी परत तिच्या डोक्यावर ओढली. कान झाकायच्या आधी तिचे शब्द बुधीला ऐकू आले. "तू घालून येतेस तवा तुज्या मागं त्याची पावलं वाजतात. रोज. काढू नको गो."

त्या दिवशी बुधी वसाहतीपर्यंत जवळजवळ पळत गेली. टोपीत काहीच ऐकू येत नव्हतं आणि मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती टोपीशिवाय निघाली. वाटेवर स्वतःच्या वहाणा वाजत होत्या, बाकी काही नाही. अंबूबाई ओट्यावर पाठ करून बसली होती. दुपारपर्यंत बुधीच्या कानातला ठणका जबड्यात उतरला, तिला घास चावेना. तिसऱ्या दिवशी तिने टोपी पुन्हा घातली.

त्या सकाळी धुकं असं पडलं होतं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. बुधी अंदाजाने चालली होती. वळण जवळ आलं असेल असं वाटत असताना तिला टोपीच्या आत, डाव्या कानाशी, आवाज आला. थंडीने दात वाजत असलेल्या माणसाचा.

"आये, हात दे."

ती घाबरली नाही. हे तिला नंतर सगळ्यात जास्त छळत राहिलं. तिला फक्त वाटलं, कुणाचं तरी लेकरू गारठलंय. ती आवाजाच्या दिशेने वळली. "आये, हात दे ना." तिने हात पुढे केला. पायांना काही लागत नव्हतं, थंडीही वाजत नव्हती. पुढे केलेल्या हाताची बोटं कुणीतरी धरली.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा अंबाडा पकडला आणि टोपी ओढून काढली. कानांत सगळं एकदम शिरलं: वारा, पाण्याचा चुबूकचुबूक आवाज, आणि अंबूबाईची किंकाळी. "बुधे! बुधे गो!" बुधी छातीभर पाण्यात उभी होती. म्हातारी तिच्या मागे कमरेपर्यंत पाण्यात, लुगडं तरंगतंय, एका हातात टोपी.

बुधीचा हात रिकामा होता. समोर धुक्याखेरीज काही नव्हतं.

अंबूबाईने तिला मागे सारलं आणि ती पाण्याकडे तोंड करून बोलली, तापलेल्या पोराला समजावतात तशी. "जग्या, ती तुजी आय नाय रे. तिला तिची पोर हाय. मीच तुला हाका मारून मारून ठेवून घेतला. आता नाय मारनार. जा बाबा तू."

मग बुधी तिला धरून काठावर घेऊन आली.

त्याच आठवड्यात अंबूबाईने मुलाचं कार्य केलं. देह नव्हता म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि त्याच्या डोक्याला ती टोपी घातली. पानं भुरुभुरु जळून गेली. टोपी मात्र पेटेना. चर्र आवाज करत तिच्यातून पाणी सुटत राहिलं, एवढ्याशा टोपीत मावणार नाही एवढं, आणि जमलेली माणसं एक पाऊल मागे सरली. शेवटी अंबूबाईने आपल्या हातांनी त्यावर रॉकेल ओतलं.

आता ती पहाटे ओट्यावर येत नाही. बुधी कामावरून परतताना दुपारच्या उन्हात तिच्याकडे टेकते. म्हातारी जगदीशच्या गोष्टी सांगते. तो मांजराला घाबरायचा, गोड्या पाण्यातल्या मासळीला तोंड लावायचा नाही आणि जाळीत मात्र तीच धरायचा. सांगताना ती हसतेसुद्धा. बुधी रंजिताने आणलेली मऊ, पातळ टोपी घालते. शहापूरच्या डॉक्टरने कानात थेंब दिले, ठणका गेला, पण डाव्या कानाने तिला आता जवळपास ऐकू येत नाही.

धुक्याच्या सकाळी वळणावरून जाताना मात्र त्या कानाजवळ कुणीतरी थंडीने दात वाजवतं. बुधी पाण्याच्या विरुद्ध बाजूची झाडी धरून चालते, झपझप पाय उचलते, आणि अंबूबाईला ती हे सांगत नाही.