डोंगर कोणी खाल्ला

आईच्या डोक्यावर मोळी होती आणि साहेब तिला ती उतरवू देत नव्हते.

अकोले तालुक्यातलं आमचं गाव डोंगराला चिकटून. गावाबाहेर सरकारी बंगला. मी दहा वर्षांची. आईबरोबर वाळकी लाकडं वेचून उतरत होते, तर जंगलाच्या साहेबांनी हटकलं आणि बंगल्यासमोर उभं केलं. व्हरांड्यात त्यांचे पाहुणे चहा पीत होते. साहेब त्यांना सांगत होते, इथं घनदाट रान होतं, या लोकांनी ते जाळून आणि तोडून संपवलं. पाहुण्यांतल्या एका मुलीनं आमचा फोटो काढला. माझ्याच वयाची होती. आईची मान थरथरत होती.

साहेब आईला म्हणाले, "म्हण, मी डोंगर खाल्ला."

"मी डोंगर खाल्ला," आई म्हणाली.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले.

पाहुणे हसले. मोळी तिथंच ठेवून घेतली. संध्याकाळी त्याच लाकडांवर त्यांचं मटण शिजलं. भांडी घासायला आईलाच बोलावणं आलं. ती गेली.

अपमान तिथं संपला असता. पण साहेब जे म्हणाले, त्यावर मी विश्वास ठेवला.

आश्रमशाळेत 'आपले डोंगर' या विषयावर निबंध होता. मी लिहिलं, आमचे लोक अडाणी आहेत. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, त्याला राब म्हणतात, त्यामुळे डोंगर बोडके झाले. एक बाई मोळी घेऊन उतरते, तेव्हा डोंगर रडतो, असंही लिहिलं. पहिला नंबर आला. गॅदरिंगला मी तो सगळ्यांसमोर वाचला. आई चालत आली होती, पुढं बसली होती. परतताना वाटेत तिनं एकच विचारलं.

"त्यातली बाई मीच का गं?"

मी पाय उचलून पुढं झाले.

बारावीनंतर मी पर्यटकांना गडावर नेऊ लागले. गळ्यात गाईडचं कार्ड. त्यांनाही तेच सांगायची, आमच्या लोकांनी वाट लावली. ते माना डोलवायचे. कोणी म्हणायचं, तू किती समजूतदार.

मग वरचा माळ बाहेरच्या लोकांनी विकत घेतला. बंगल्यांसाठी रस्ता हवा म्हणून पोकलेन आलं. त्या हंगामात आईबरोबर हिरडा गोळा करायला वर गेले. एका सपाट जागेवर ती थांबली, पायानं माती उकरली. खाली काळीभोर.

"ठेकेदाराची कोळशाची भट्टी व्हती हितं," ती म्हणाली. "तुझा आजा मजुरीला व्हता."

मग ती सांगत गेली. त्याच्या आधी मोठी झाडं रेल्वेच्या स्लीपरांसाठी गेली, हे तिच्या आजीनं पाहिलेलं. त्याच्याही आधी गडासाठी कडा फोडला. तिनं खाली बोट दाखवलं. आमच्या वाडवडलांनी दगड रचून घातलेले बांध. माती अजून धरून होते. कुणाच्याही निबंधात नव्हते ते.

"आपण बी घेतलं. नाय म्हणत नाय," ती म्हणाली. "पर आपण घेतलं ते पुन्ना फुटलं."

मी तिथंच बसून राहिले. साहेबांपेक्षा मला स्वतःचाच राग जास्त आला.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वरच्या माळावरच्या बंगलेवाल्यांनी वृक्षारोपण ठेवलं. गावाला बोलावलं, वडापाव दिला. माझ्या हातात माईक आणि एक शपथ दिली. 'आम्ही अज्ञानाने डोंगराचा नाश केला.' मी वाचायचं, गावानं मागून म्हणायचं. समोर आई बसलेली. मागं पोकलेननं कापलेला उतार, लालभडक.

मी माईकवर म्हणाले, "हे मी वाचणार नाही. ज्यांनी हा रस्ता कापला, त्यांनी वाचावं."

त्यांच्यातल्या एकानं माईक हिसकावून घेतला. "शिकून पण जंगलीच राहिली," तो म्हणाला. तेही माईकवरच. मग शपथ त्यानंच वाचली. गाव मागून म्हणालं. सगळं गाव नाही, पण बरंच. मी आणि आई घरी आलो. आठवड्यात माझं गाईडचं कार्ड काढून घेतलं.

श्रावणात तो कापलेला उतार सुटून खाली आला. आमची दोन खाचरं भातासकट गाडली गेली. नुकसानीच्या पंचनाम्याला तहसीलचा माणूस आला. कारणाच्या रकान्यात त्यानं आधीच लिहून आणलं होतं, 'स्थानिकांची वृक्षतोड'. अंगठ्यासाठी आईचा हात धरला. मी तो सोडवला. कारण बदला, मग अंगठा मिळेल, असं सांगितलं. तो चिडून निघून गेला. भरपाई अडकली ती अडकलीच.

मी स्वतः कागद लिहिला. कोणी कुठं कापलं, कधी कापलं, माती कुठून आली. फोटो जोडले. खाली आईचा अंगठा, माझी सही. तहसीलला तीनदा गेले. कागद घेत नाहीत, मिळाल्याची पोच देत नाहीत. शेजारी म्हणतात, त्यांचं कारण मान्य कर, निदान पैसे तरी मिळतील.

नाही करणार. सोमवारी पुन्हा जाणार आहे. पोच देत नाहीत तोवर त्यांच्या दारातून हलणार नाही.