पट्टी पाऊणावर, नॉब नऊवर

पहिल्या दिवशी सरांनी मला फक्त आवाज लावायला शिकवलं. टेपा दाखवल्या नाहीत, कुणाचं गाणं आहे तेही सांगितलं नाही.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. सांगलीत विश्रामबागेकडे त्यांचं घर. सांगली-मिरजेतल्या घरांतून झालेल्या गाण्याच्या बैठका त्यांनी चाळीस वर्षं टेपवर घेऊन ठेवल्या होत्या. कपाटं भरली, पलंगाखालची जागा भरली, टेपांना बुरशी यायला लागली, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि सगळं त्यात उतरवायचं ठरवलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्यांना मदतीला माणूस हवं होतं. माझी आत्या त्यांच्याच गल्लीत राहायची. तिला ते म्हणाले होते, "गाणं कळणारं माणूस नको. ते ऐकत बसतं आणि काम तसंच राहतं."

मला गाणं कळत नव्हतं. आणि त्या दिवसांत मी काही ऐकत बसेन अशी भीती नव्हती.

मी पंचवीस वर्षांची होते. पलूसला माझं सासर. लग्नाला तीन वर्षं होत असताना नवरा हृदयविकारानं गेला. चौदावा झाल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, येऊन मला साताऱ्याला घेऊन गेले. आई माझ्या लग्नाआधीच गेलेली. आबा तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेटवर होते. वर्षभर मी त्यांना डबा करून देत होते आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसत होते. मला रडू येत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरगी धीराची आहे. मग आत्यानं हे काम काढलं आणि मी सांगलीला तिच्याकडे राहायला आले.

सरांच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या शेजारी एक काळी लोखंडी पेटी होती, साधारण टिफिनच्या डब्याएवढी. समोर एकच गोल नॉब आणि हेडफोनची पिन घालायला एक भोक. हेडफोनचा हा ॲम्प्लिफायर सरांनी स्वतः बनवलेला होता. नॉबवर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता.

"आवाज दोन ठिकाणी कमी-जास्त होतो," सर म्हणाले. "एक इथं, पडद्यावरच्या या पट्टीवर. आणि एक इथं, माझ्या पेटीवर. लोक काय करतात, ही पट्टी पार वर नेतात. मग आवाज फाटतो. किंवा ती अगदी खाली ठेवतात आणि पेटीचा नॉब पिळतात. मग गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. पट्टी पाऊण उंचीवर ठेवायची आणि विसरून जायची. कानाला जे काही कमी-जास्त हवं ते नॉबवर."

"नॉब किती ठेवायचा?"

"घड्याळ समजा. ठिपका नऊवर असला की पुरे. गाणारा फारच हळू असेल तर दहा. अकराच्या पुढं गेलात तर हेडफोन काढून ठेवायचा आणि अंगणात दहा मिनिटं बसायचं. याचा अर्थ कान थकलाय. थकलेला कान जास्त मागतो."

आणखी एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. हेडफोन कानाला लावायच्या आधी नॉब शून्यावर, म्हणजे घड्याळातल्या सातवर, आणायचा. नंतर सावकाश वर.

हे मला जमलं. खरं तर फारच चांगलं जमलं. सकाळी दहाला जायचं, टेप लावायची, ठिपका सातवरून हळूहळू नऊवर. माऊस हलवला की हेडफोनमध्ये किडा सरपटल्यासारखा आवाज यायचा, म्हणून टेप चालू असताना माऊसला हात लावायचा नाही. मागं एक बारीक घुमण असायची. ती वाढली की सर बादलीभर पाणी नेऊन अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायचे आणि घुमण कमी व्हायची. मी घुमण ऐकायचे, खरखर ऐकायचे. गाणं त्यांच्या मधून जायचं. तान आली की पडद्यावर आवाजाची उंची दाखवणाऱ्या हिरव्या रेघा लाल व्हायला जातात एवढंच माझ्या लक्षात असायचं. एकदा टेप संपून मी वर बघितलं तर सर दारात उभे राहून डोळे पुसत होते. मी त्यांना विचारलं, पुढची लावू का?

प्रत्येक टेपेच्या आधी एक छोटी घोषणा लागायची: कुठली बैठक, कुठलं साल, कोणता राग. त्यासाठी टेबलावर एक माईक होता. सरांनी स्वतः दोन-चार करून बघितल्या, मग ते काम मला दिलं. "तुमचा आवाज सपाट आहे," ते म्हणाले. "घोषणेला चांगला." त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं होतं.

महिन्यातून एकदा मी साताऱ्याला जायचे. आबांशी बोलणं फारसं नव्हतं. ते टीव्ही मोठ्यानं लावायचे, मी काही विचारलं तर माझ्याकडे बघून "व्हय, व्हय" म्हणायचे. तोफेजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला थोडं कमी ऐकू येणारच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

काम सुरू होऊन आठ-नऊ महिने झाल्यावर एका गुरुवारी आबाच सांगलीला आले. सुट्टी होती, एसटीनं आले, येताना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आले. आत्या घरी नव्हती म्हणून विचारत विचारत सरांच्या घरी पोचले. सर त्या दिवशी टेपरेकॉर्डरचा एक भाग आणायला मिरजेला गेले होते. मी आबांना पाणी दिलं, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"ह्येच काम व्हय?" ते म्हणाले. "ह्यात काय करतीस?"

सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. मी नॉब शून्यावर आणला, हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि एक भजन लावलं. ठिपका सावकाश नऊवर नेला. आबा समोर बघत बसले होते. मी खुणेनं विचारलं, येतंय का? त्यांनी मान हलवली. पण ती मान मला ओळखीची होती, 'व्हय, व्हय'वाली. मी दहावर नेला. अकरा. अकराच्या पुढं मी कधी गेले नव्हते. बारावर हेडफोनच्या कडेतून मला टेबलाच्या या बाजूला गाणं ऐकू यायला लागलं. एक. दोन. दोनच्या जरा पुढं गेल्यावर आबा खुर्चीत ताठ झाले.

"आलं," ते ओरडले. "टाळ हायत की ह्यात!"

माझा हात नॉबवरच राहिला. सर सांगायचे तसा हा थकलेला कान नव्हता. मी टेप थांबवली, माईक पुढं ओढला आणि त्याची पट्टी वर केली.

"आबा, माझं ऐकू येतंय का?"

ते दचकले. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"तू बोललीस?"

"हो."

"असा आवाज हाय व्हय तुजा," ते म्हणाले. हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसे, खूप मोठ्यानं. "लय दिसांनी ऐकला."

"किती दिवसांनी? कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

आबांनी हेडफोन काढायला हात वर नेला आणि पुन्हा खाली आणला. "चार वर्सं झाली असतील. पाच बी असतील. हळूहळू गेलं. समोर बगून कोन बोललं तर कळतंय, व्हटांवरनं. कारखान्यात सांगू नगंस. गेटवर बहिरा मानूस कोन ठेवील?"

मी हिशेब केला. तो अवघड नव्हता. पलूसहून आले त्या संध्याकाळी आम्ही साताऱ्याच्या घराच्या पायरीवर बसलो होतो. त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांच्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. अर्धा तास तरी मी बोलत होते. माझं बोलून झाल्यावर आबा म्हणाले होते, "असू दे." त्या 'असू दे'वर मी ते वर्ष आणि नंतरचे महिने काढले होते. बरं वाटत होतं असं नाही. पण एका माणसाला माहीत आहे आणि त्यानं असू दे म्हटलंय, एवढं होतं.

"मला घेऊन आलात त्या दिवशी," मी माईकमध्ये म्हणाले, "पायरीवर बसून मी काय बोलले ते ऐकलंत?"

"तोंड खाली व्हतं तुजं," ते म्हणाले. "अंधारून बी आलं व्हतं. कायतरी बोलतीस येवढं कळत व्हतं."

"तुम्ही असू दे म्हणालात."

"मग काय म्हननार पोरी?"

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तो मला ऐकू आला आणि आबांना आला नाही, हे मी बघितलं.

"काय सांगत व्हतीस गं?" आबांनी विचारलं.

मी माईक जवळ घेतला. एकदम मोठ्यानं बोललं की त्यांच्या कानात फाटेल, म्हणून पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर नजर ठेवली आणि घोषणा करते त्याच आवाजात सांगितलं. सकाळी सहाला नळ यायचा. अर्धा तासच यायचा. हे उठून बसले आणि छातीत दुखतंय म्हणाले. मी गरम पाणी करून दिलं, पाठ चोळली. ते म्हणाले, जरा बस इथं. मी म्हटलं, नळ जाईल, पाणी भरून आलेच. खाली गेले. रांगेत माझ्या पुढं दोघी होत्या. परत आले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोप लागली. मी पाणी गाळलं, भांड्यांत भरलं, चहा टाकला. चहा घेऊन गेले तेव्हा कळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं? मी म्हटलं, माहीत नाही, झोपेतच गेले. सासूबाई गावाहून आल्या, त्यांनाही तेच सांगितलं. सगळ्यांना तेच.

रेघ एकदाही लाल झाली नाही.

आबा हेडफोनवर दोन्ही हात दाबून बसले होते. मग त्यांनी विचारलं, "किती घागरी भरल्या?"

"तीन."

"घरात आदीचं पानी व्हतं का?"

"नव्हतं. आदल्या दिवशी नळ आला नव्हता."

त्यांनी मान हलवली. चौकशीत माणूस एकेक गोष्ट विचारून घेतो तसं त्यांचं चाललं होतं. मग ते म्हणाले, "मी बी गेलो असतो पान्याला."

ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. मी त्यांना हातानं काही नाही, काही नाही असं केलं. आबांना हळू बोला म्हणून सांगितलं. मग आम्ही भाकरी खाल्ली. हेडफोन त्यांच्या गळ्यातच होता.

दुपारी सर आले. त्यांनी नॉब दोनच्या पुढं बघितला आणि माझ्याकडे रागानं वळले. मी कारण सांगितल्यावर खाली बसले. आबांना त्यांनी समोर बसून, ओठ नीट हलवत बरंच काही विचारलं. कुठल्या कानानं जास्त, बारीक आवाज येतो की जाड. पुढच्या महिन्यात त्यांनी एक छोटी पेटी करून दिली, बॅटरीवर चालणारी, माईक जोडलेली. "हे औषध नाही," त्यांनी मला बजावलं. "आधी दवाखान्यात दाखवा. आणि त्यांचा नॉब दुसऱ्या कुणी फिरवायचा नाही."

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. कानात घालायचं यंत्र मिळालं. ते शिटी मारतं म्हणून आबांनी ते कपाटात ठेवलं आणि सरांची पेटीच वापरली. कारखान्यात मी स्वतः जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं नोकरी जाईल. त्यांनी आबांना गेटवरून काढून आत, सामानाच्या खोलीत बसवलं. तिथं बोलायला कुणी नव्हतं. आबांना ती जागा आवडली नाही, पण ते टिकून राहिले.

आत्याला आबांकडून कळलं होतं. मला मोकळं वाटलं का, असं तिनं नंतर विचारलं. मी हो म्हटलं, कारण ती त्यासाठीच विचारत होती. खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी मी दहाला जाऊन टेप लावली आणि ती कालच्यासारखीच गेली. त्यानंतर कितीतरी महिने तसंच गेलं. फरक एवढाच पडला की साताऱ्याला गेल्यावर मी बोलायला लागले. आबा जेवताना पेटी ताटाशेजारी ठेवायचे आणि मी माईक हातात धरून, डाळीचा भाव, आत्याचं गुडघ्याचं दुखणं, सरांचा अर्थिंगचा खड्डा असं काहीही सांगायचे. उत्तरं ते ओरडून द्यायचे, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं गल्लीला कळायचं. कंटाळले की स्वतःच नॉब शून्यावर आणायचे आणि जेवत राहायचे. तेव्हा मीही गप्प बसायचे आणि त्यांना भाजी वाढायचे.