न केलेली चहाडी

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी चहाडी करत नाही. आम्ही प्रार्थनेचे विषय सांगतो. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी भगिनी मंडळ जमतं, दोन गीतं होतात, एक उतारा वाचला जातो आणि मग एकेकीने आपला विषय सांगायचा असतो. अमक्यांच्या धाकट्यासाठी प्रार्थना करा, हल्ली घरी फार उशिरा येतो. तमक्यांच्या घरातल्या शांतीसाठी करा, परवा भांडी आपटल्याचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत होता. सांगताना आवाज खाली आणायचा आणि डोळे मिटायचे, म्हणजे झालं. रत्नागिरीतली आमची मंडळी एवढीशी, त्यामुळे नाव घ्यायचीही गरज पडत नाही. या कलेत मी कुणाला हार जाणारी नव्हे.

यंदा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास, सुरू होताना पाळकसाहेबांनी पंचाईत करून ठेवली. दरवर्षी आम्ही बहुतेक सगळे ईस्टरपर्यंत मासे सोडतो. मिरकरवाड्याचं बंदर हाकेच्या अंतरावर असताना मासे सोडणं म्हणजे काय, हे देशावरच्या माणसाला कळायचं नाही. तेवढा त्याग आम्हाला पुरेसा वाटत असे. यंदा पाळकसाहेब म्हणाले, मासे सोडाल ते सगळ्यांना दिसतं. आणखी एक असं काहीतरी सोडा की जे कुणाला दिसणार नाही. घरी येऊन मी विचार केला. चहा सोडला असता तर डोकं दुखलं असतं. मालिका सोडली असती तर नवऱ्याला दिसलं असतं. शेवटी मी दुसऱ्यांचे प्रार्थनेचे विषय सांगणं सोडलं आणि त्या रात्री मोठ्या समाधानाने झोपले.

आता सेक्रेटरीणबाईंबद्दल सांगायला हवं. ती आमच्या भगिनी मंडळाची सेक्रेटरी, माझ्याच वर्गातली, आणि लहानपणापासून माझ्या एक पाऊल पुढे. आमच्याकडे गुड फ्रायडेला भर दुपारी तीन तासांची उपासना असते आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा. तो कित्येक वर्षं तिच्याकडे आहे. माझ्याकडे पाचवा, तहानेचा. पाचव्यापर्यंत पोचेस्तोवर पंखे गरम वारा फेकायला लागतात, मुलं पेंगतात, आणि मी तहानेवर बोलू लागले की निम्मी मंडळी माझ्याकडे न बघता पाण्याच्या पिंपाकडे बघते. पहिला उद्गार मला एकदा तरी मिळावा अशी माझी फार इच्छा होती. क्षमेवर मी तिच्यापेक्षा चांगलं बोलले असते.

शिवाय तिने क्षमेवर बोलावं हे मला जरा अतीच वाटायचं. तिचा एकुलता एक मुलगा मुंबईला असतो. त्याने नाटे गावच्या मच्छीमार घरातली मुलगी केली आणि ही लग्नाला गेली नाही. मुलगी आपल्यातली नाही, म्हणाली. तेव्हापासून मुलगा घरी आलेला नव्हता. यंदा तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मी मासे सोडते आहे ते मुलासाठी, त्याचं मन वळावं म्हणून. सांगताना रडली होती. मीही रडले होते, पण माझं अर्धं लक्ष तिच्या नव्या साडीकडे होतं.

अशातच एका शनिवारी चर्चची साफसफाई ठरली. त्याच सकाळी पावसहून ओळखीच्या बागवाल्याचा फोन आला की वाऱ्याने कैऱ्या पडल्यात, लोणच्याला हव्या तर आजच या. मी सेक्रेटरीणबाईंना निरोप पाठवला की माझा गुडघा धरलाय, आणि एसटीत बसून पावसला गेले.

परतीच्या गाडीला वेळ होता. कैऱ्यांची पिशवी घेऊन मी स्टॉपजवळच्या खानावळीत पाणी प्यायला शिरले. नळ बाहेरही होता. पण आत बांगडे तळत होते, आणि नुसत्या वासाने उपास मोडतो असं कुठे लिहिलेलं नाही. आत पाऊल टाकलं आणि बघते तर कोपऱ्यातल्या टेबलावर आमची सेक्रेटरीणबाई. समोर ताट, ताटात अख्खा बांगडा, बोटं मसाल्याने लाल. एक तरुण मुलगी उभी राहून तिला वाढत होती, ती खानावळीतलीच असावी असं मला वाटलं. सेक्रेटरीणबाईंनी मान वर केली. आमची नजरानजर झाली. तिचा घास हातातच राहिला. तेवढ्यात बाहेर एसटी आली, म्हणून मी पाणी न पिताच पळाले.

घरापर्यंत मला कैऱ्यांचं ओझं जाणवलंच नाही. साफसफाई टाकून, मुलाच्या नावाने सोडलेले मासे ही पावसला येऊन खाते. आणि ही क्षमेवर बोलणार. तुझा उद्गार आता गेला बाई, असं मी मनातल्या मनात म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मग आठवलं की मी सोडलंय. ऐन मोसमातच सोडलंय. सगळं लेंट कोरडं गेलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं, पण देवाने एवढा मोठा मासा नेमका याच दिवसांत माझ्या जाळ्यात टाकावा याचा मला राग आला.

बुधवारची प्रार्थना आमच्याच घरी होती. ती आली आणि माझ्या समोरच बसली. इतर वेळी सगळ्यांच्या आधी बोलणारी, त्या दिवशी नुसती गीतांचं पुस्तक चाळत होती. माझ्या तोंडून आता काय बाहेर पडणार हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. माझी पाळी आली. मी डोळे मिटले, आवाज खाली आणला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्यातल्या एका बहिणीसाठी..."

कुणाची तरी खुर्ची पुढे सरकली. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. सेक्रेटरीणबाईंनी पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की पुढचा प्रश्न येणार, तू गो पावसला काय करत होतीस, तुझा तर गुडघा धरला होता.

"...म्हणजे माझ्यासाठीच," मी म्हणाले. "माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा."

माझ्या गुडघ्यासाठी सेक्रेटरीणबाईंनीच प्रार्थना केली. इतकी लांब आणि इतकी कळवळून केली की मध्ये तिचा आवाज फुटला. सगळ्या बायका जाताना माझ्या गुडघ्यावरून हात फिरवून गेल्या. एकीने तेलाची बाटली पाठवून दिली.

त्यानंतर माझ्यात एक बदल झाला. पहिले दोन दिवस मला सुटल्यासारखं वाटलं, मग मला मी आवडायला लागले. एवढी बातमी पोटात ठेवणारी बाई या मंडळीत दुसरी कोण आहे? आरशात बघताना चेहऱ्यावर थोडं तेज आल्यासारखं वाटायचं. कैऱ्यांची पिशवी आणि गुडघा मी हळूहळू विसरूनच गेले, आणि प्रेमापोटी गप्प बसले ही गोष्ट तेवढी उरली. अडचण एकच होती. मी काय केलं हे कुणालाही माहीत नव्हतं. शेवटी राहवेना म्हणून रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे भाताचा घास संपवला आणि विचारलं, "म्हणजे तू कुणालाच नाही सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग मी कोण?" तो म्हणाला. "चहाडी सोडलीस ते छान झालं गो. आता न केलेल्या चहाडीचा डांगोरा तेवढा पिटायचा राहिलाय."

मी त्याला त्या दिवशी ताक वाढलं नाही. पण रात्रभर ते वाक्य खुपत राहिलं. मी गप्प का बसले होते, हे मी पहिल्यांदा नीट स्वतःला विचारलं. तिच्यासाठी बसले होते का? तिची मूठ दिसली तेव्हा आत काहीतरी हललं होतं, हे खरं. पण तोंड मिटलं ते माझ्या पिशवीमुळे. दोन्हींतलं आधी काय झालं ते मी कितीही आठवलं तरी सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणजे पिशवीच आधी, हे मला समजलं.

गुड फ्रायडे आला. दुपारी बारालाच कातळ तापून चर्चच्या उघड्या दारांतून झळा येत होत्या. सेक्रेटरीणबाई पहिल्या उद्गारासाठी उभी राहिली. हातात कागद होता, तो तिने घडी करून ठेवून दिला.

ती म्हणाली, "मी मासे सोडले होते ते सगळ्यांना माहीत आहे. ते मी मोडले. पावसला." चर्चमध्ये कुजबुज झाली. "माझ्या मुलाने दोन वर्षांनी फोन केला. घरी येत नाही, म्हणाला, पावसला भेट. तिकडे गेले तर बरोबर ती होती. बिचारी घाबरलेली. मला बांगडा आवडतो हे तिने त्याला विचारून ठेवलं होतं. मुलगा थंड पाणी आणायला पलीकडे गेला होता, तेवढ्यात माझ्या ताटात तिने स्वतःच्या हाताने वाढला. मी तिला काय सांगणार होते, माझा उपास आहे? इतकी वर्षं या जागेवरून मी क्षमेवर बोलते. त्या दिवशी मला क्षमा त्या मुलीने केली."

मग ती बायकांच्या बाकांकडे वळली. "तिथे आपल्यातल्या एका बहिणीने मला पाहिलं. बुधवारी ती सांगणार म्हणून मी धसका घेऊन बसले होते. तिने सांगितलं नाही. ही गोष्ट तेव्हा फुटली असती, चार तोंडांतून फिरली असती, तर माझ्या सुनेने आज या दारात पाऊलही टाकलं नसतं. ती आली आहे. तुमच्यात बसली आहे."

सगळ्या माना आधी सुनेकडे वळल्या, मग ती बहीण कोण म्हणून इकडेतिकडे फिरल्या. माझा जीव कानांत गोळा झाला होता. नेमकं तेव्हाच पेटी वाजवणाऱ्या आमच्या आत्यांनी पुढचं गीत शोधायला मान खाली घातली. आत्या म्हाताऱ्या, सगळ्यांच्या लाडक्या, कुणाबद्दल वाईट न बोलणाऱ्या. मंडळीला वाटलं, त्या लाजल्या. बाकाबाकावर बायका एकमेकींना ढोसून मानेने पेटीकडे दाखवू लागल्या, आणि सगळ्यांची खात्री पटली.

मी पाचवी होते. मधले तीन उद्गार मी ऐकलेच नाहीत. शेवटी उभी राहिले तेव्हा माईक माझ्या तोंडासमोर होता आणि मंडळी पहिल्यांदाच पिंपाकडे न बघता माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरेसं होतं. पावस म्हटलं तरी पुरे होतं. तेवढ्यात मला दुसऱ्या बाकावर ती मुलगी दिसली. इतर बायकांचं पाहून तिनेही डोक्यावर पदर घेतला होता, तो सारखा घसरत होता, आणि सासू तिला गीताचं पान काढून देत होती. मी तहानेवर बोलले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण झालं ते.

उपासना संपल्यावर बायका आत्यांभोवती जमल्या. आत्यांना वाटलं, आज पेटी चांगली वाजली. मी चपला शोधत होते तर मागून सेक्रेटरीणबाईंनी माझा दंड धरला आणि मला बाजूला नेलं. सुनेला पुढे केलं आणि म्हणाली, "हीच ती मावशी."

आमच्यात पाया पडायची रीत नाही. त्या मुलीला ते कुणी सांगितलं नसावं. ती तिथेच वाकली आणि तिने माझ्या दोन्ही पावलांना हात लावला. वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "तुमच्यामुळे मी आले, मावशी," ती म्हणाली. मला हवं होतं ते हेच होतं. कुणाला तरी कळावं, कुणीतरी मान द्यावा. तो मिळाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला जवळ घेतलं, आणि त्या सबंध लेंटमधली पहिली खरी प्रार्थना केली: मी गप्प का बसले होते, ते हिला कधीही कळू नये.