बीव्हरचं खरं शेपूट

माझ्या मुलीला, मुग्धाला, हे माहीत नाही. जावयाला नाही, नातीला नाही. रोज सकाळी देवापुढे दिवा लावते, तिथेही हे कधी ओठांवर आलेलं नाही — आलंच मनात, तर वात सारखी करत बसते. चार वर्षं झाली. आता तुमच्याशी बोलते. बोलणं आणि लिहिणं हे माझ्या लेखी एकच, तेव्हा मी जरा लांबून येईन. सरळ यायला धीर होत नाही, हे खरं कारण.

आधी माझं काम सांगते. मी मूळची पेणची. वडिलांचा गणपतींचा कारखाना होता आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे असायची. साठी उलटल्यावर इथे परदेशात, वॉलॉंगॉंगला, मुग्धाकडे आले. नात शाळेत जायला लागली आणि माझे हात रिकामे झाले. एकदा स्टेशनजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पेंढा भरलेलं घुबड दिसलं, एक डोळा गळालेला. दुकानदाराला म्हटलं, दे इकडे, करून आणते. तिथून हे सुरू झालं. शिकवलं कुणी नाही. लायब्ररीतली पुस्तकं, यूट्यूब आणि स्वतःच्या चुका. नवा प्राणी मी भरत नाही. लोकांच्या घरातले जुने, कसर लागलेले, कान तुटलेले प्राणी तेवढे दुरुस्त करते. जावई बिचारा गॅरेजमधल्या माझ्या पसाऱ्यापायी गाडी बाहेर लावतो, एक शब्द बोलत नाही. त्याच्या वाटचं मुग्धा बोलते. "आई, प्लीज, तो उंदीर डायनिंग टेबलवरून उचल!" त्यावर नात आतून ओरडते, "मम्मा, इट्स नॉट अ रॅट, इट्स अ बीव्हर!"

तर तो बीव्हर. डोरोथीचा.

डोरोथी तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची. जन्म कॅनडातला, नवरा पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये लागला म्हणून तरुणपणी इकडे आली. दुकानातलं माझं घुबड बघून तिनं पत्ता काढला आणि एका दुपारी शॉपिंगच्या ट्रॉलीत, टॉवेलमध्ये गुंडाळून, तो बीव्हर घेऊन दारात उभी राहिली. मी असला प्राणी आयुष्यात पाहिला नव्हता. मांजरापेक्षा मोठा, गुबगुबीत, पुढचे दात चक्क नारिंगी. मला वाटलं, हा पान खातो की काय! तिला तसं सांगितलं, पान म्हणजे काय तेही सांगितलं, आणि ती एवढी हसली की खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. दात मुळातच त्या रंगाचे असतात म्हणे. आणि मागे ते शेपूट — सपाट, काळं, खवल्याखवल्यांचं, भाकरी उलटायच्या उलथन्यासारखं.

ह्या कामात पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. काय खरं ठेवायचं आणि काय नकली घालायचं? डोळे तर काचेचेच असतात. जीभ नकली, नाकाचं ओलेपण नकली. बीव्हरचे दात तडकतात, म्हणून बरेचजण ओतीव दात बसवतात. शेपूटसुद्धा. त्यात चरबी फार, सुकलं की आक्रसतं, वेडंवाकडं होतं. रेझिनचं ओतलेलं शेपूट उलट जास्त खरं दिसतं. हे सगळं मी तिला चहा पिता पिता सांगितलं. तिच्या बीव्हरचं शेपूट एका बाजूला चिरलं होतं, टोक वर वळलं होतं. मी म्हटलं, नवं करू या का?

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "दात बदल, पाय बदल, हवं तर डोकं बदल, लव्ह. पण शेपूट नाही."

कारण होतं तिचा धाकटा भाऊ, बिली. बीव्हर त्यांच्या वडिलांनी भरलेला, घराच्या दारापाशी स्टुलावर असायचा. शाळेत निघताना दोघं भावंडं त्या शेपटावर एकेक चापट मारायची आणि मग पळायची. रोज, कितीतरी वर्षं. मधोमध एक जागा त्यांच्या हातांनी गुळगुळीत झाली होती, खवले झिजून गेलेले. बिली पुढे तिशीतच गेला, मुलगा सहा महिन्यांचा असताना. त्याची पत्रं तिच्याकडे नव्हती, कपडे नव्हते. हात लावावा असं एवढंच राहिलं होतं. तिला नीट दिसायचंही नाही — नजरेच्या मध्ये डाग आला होता. पण बोटांनी तिनं ती जागा क्षणात शोधली आणि माझा हात धरून तिथे ठेवला.

कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

शेपटाची चीर जोडायची तर आधी ते मऊ करावं लागतं. जुनं कातडं थंड पाण्यात, मीठ घालून, दर दहा मिनिटांनी बघत भिजवायचं. हे मीच एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलेलं आहे: थंड पाणी. जुलै महिना होता. इथे ऋतू उलटे, जुलै म्हणजे कडाक्याची थंडी. समुद्रावरून वारा येतो आणि कपडे धुवायच्या खोलीतलं पाणी नुसतं बोटं कापतं. माझी बोटं आखडलेली. मी किटली आणली आणि पाणी कोमट केलं. अगदी तान्ह्या बाळाला घालतात तसं. आयुष्यभर ज्याला त्याला कोमट पाणीच दिलं ना आपण — घसा दुखतोय, कोमट पाणी. पाय दुखतायत, कोमट पाणी. कडधान्यं भिजत घालायची, कोमट पाणी. हात आपोआप गेला, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण कागद समोर होता. मी तो वाचला. आणि मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय?

नातीला शाळेतून घेऊन आले तोवर झालेलं होतं. निखाऱ्यावर पापड आक्रसावा तसं ते शेपूट स्वतःत गोळा झालं होतं. हाताला चिकट लागत होतं. खवले सुटून पाण्यावर तरंगत होते, आणि ती गुळगुळीत जागा — शोधली, पण सापडली नाही.

ही चूक. चुकीचं मला तेवढं वाटत नाही. चूक घेऊन मी तिच्याकडे जाऊ शकले असते. ट्रेननं दोन स्टेशनं. ती रडली असती, कदाचित तिनं मला हाकललं असतं. मी गेले नाही. फोन केला आणि म्हटलं, वेळ लागेल जरा. ती म्हणाली, नो वरीज.

काम हाती घेताना मी बटर पेपरवर शेपटाची आकृती काढून घेतली होती, फोटो काढले होते. मी मातीत शेपूट घडवलं. चमच्याच्या टोकानं एकेक खवला उठवला. अकरा दिवस. मधोमध ती जागा अंगठ्यानं घासून घासून झिजवली — दोन पोरांनी कितीतरी वर्षं झिजवलेली जागा मी एका दुपारी झिजवली. मग साचा, मग रेझिन, मग रंग आणि वर मेण. चिरेची पुसटशी खूणसुद्धा ठेवली, जोडल्यासारखी. बघा कशी हुशारी ती!

डोरोथी घ्यायला आली. खुर्चीत बसली, बीव्हर मांडीवर घेतला, हात मागे नेला. बोटं खवल्यांवरून सरकत त्या जागेवर आली आणि थांबली. तिनं विचारलं, "तेच आहे ना हे? खरं?"

मी म्हटलं, "खरं, डोरोथी. हंड्रेड पर्सेंट."

तिनं हळूच एक चापट मारली. म्हणाली, "हॅलो, बिली."

आता खरं बोलायचं ते इथे आहे. एवढा वेळ ह्याच्याभोवतीच फिरते आहे. तुम्हाला वाटेल, तेव्हा मला शरम वाटली असेल. तसं झालं नाही. मला अभिमान वाटला. आखणी साधली की वडील मूर्तीपासून दोन पावलं मागे सरून बघायचे, तसा. मनात म्हटलं, हिला कळलं नाही! एका म्हातारीच्या बोटांना मी फसवलं आणि ते मला छान वाटलं. शरम नंतर आली, हळूहळू, आणि अजूनही पुरती आली आहे की नाही, कोण जाणे.

पुढे आमची मैत्री झाली. दर गुरुवारी मी तिच्याकडे जायचे, डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन; ती तिला "तुझी ती मोत्यांची डिश" म्हणायची. निघताना ती मला शेपटावर चापट मारायला लावायची. "तूही आता घरातलीच." मी मारायचे. दर गुरुवारी, तीन वर्षं. किती गुरुवार होतात? प्रत्येक गुरुवारी सांगता आलं असतं.

गेल्या वर्षी ती गेली. बिलीचा मुलगा कॅनडाहून आला — पन्नाशीचा, उंच, लाजाळू माणूस. सगळं घर रिकामं करून त्यानं एवढा एक बीव्हर न्यायला ठेवला. मला म्हणाला, बाबांचं मला काहीच आठवत नाही, पण आत्यानं पत्रात ह्या जागेबद्दल लिहिलं होतं. आणि माझ्यासमोर त्यानं तळहात त्यावर ठेवला. बराच वेळ. मी शेजारी उभी होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तो तर धडधाकट होता, नजर चांगली होती, सांगितलं असतं तर सोसलं असतं. डोरोथीच्या वेळी तिच्या वयाची सबब तरी होती. इथे कसली होती?

मी त्याला चहा विचारला.

ख्रिसमसला त्यानं फोटो पाठवला. दारापाशी स्टुलावर बीव्हर, आणि त्याची नात शाळेत निघताना शेपटावर चापट मारते आहे. खाली लिहिलंय, आता रोज मारते. मी उत्तरात हृदय पाठवलं.

खरं शेपूट माझ्याकडे आहे. फेकवलं नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली — मुठीएवढा काळा गोळा, आणि पुडीत सुटे खवले. गुरुवारी डबा काढते, झाकण उघडते, परत लावते. हात लावत नाही. त्याच्यावर बिलीचा हात होता, डोरोथीचा होता, आणि शेवटचा माझा — कोमट पाण्यातला.