पोत्यातली मोटारसायकल

आधी नेवाशाच्या मॅडमचे आभार मानतो, मग गुन्ह्याकडे वळतो. त्या नसत्या तर एका निरपराध बाईला आम्ही कोर्टात उभं केलं असतं. आज निवृत्त होऊन नगरपासून लांब, मुलीकडे कोइमतूरला राहतो. तरी ती घटना डोळ्यांसमोरून हलत नाही.

पारनेर तालुक्यातल्या एका पाणीवापर संस्थेच्या कॉम्प्युटरमधून पाळीपत्रक पुसलं गेलं. कोणाच्या शेताला कधी पाणी, ते सगळं त्यातच. कांदा ऐन भरात. लोक ऑपरेटर बाईंवर उलटले, "दिराची पाळी पुढं घ्यायला हिनंच पुसलं!" बाई ठाण्यात एकच सांगायच्या, "सायेब, म्या न्हाई पुसलं. जुन्या दुरुस्तीवाल्यानं कोरा तक्ता दिल्ता, त्यो उघडला, येवढंच." अँटिव्हायरस मात्र ती फाइल स्वच्छ असल्याचं सांगत होता.

अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षक साहेबांकडे असतो. मी उपनिरीक्षक, त्यांचा मदतनीस. नववीत शाळा सुटलेला, शिपायाचा फौजदार झालेला. पंचनामा करून हार्ड डिस्क सील केली. पुढं काय, हे विचारायचीही धास्ती वाटायची. साहेबांनी मॅडमना बोलावलं. कंपन्यांच्या परवानगीनं त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये घुसून कच्च्या जागा शोधायच्या, हे त्यांचं काम; नेवाशाला त्याचे वर्गही घ्यायच्या.

त्या म्हणाल्या, "काका, फाइलमधून आत जाऊन ठरलेलं काम करतो तो भाग म्हणजे पेलोड. एन्कोडर त्यातली अक्षरं एका किल्लीनं बदलतो. मूळ हेतू साधा. काही अक्षरांमुळं पेलोड वाटेतच तुटतो, ती टाळायची. पण रूप बदललं की अँटिव्हायरसच्या यादीतला चेहराही जुळत नाही. पुढं छोटा डिकोडर जोडलेला असतो. फाइल चालली की तो मेमरीत सगळं पुन्हा मूळ रूपात आणतो."

मी भीत भीत म्हणालो, "मॅडम, मिरजगावला नाकाबंदीत आम्ही असेच फसलो होतो. चोरीची मोटारसायकल सुटी करून पोत्यांत भरलेली. टेम्पोत शेजारी मिस्त्री, हातात पान्हा. भंगार समजून सोडलं, पुढच्या गावात गाडी जोडून तयार!"

"अगदी तसंच! पण काका, मिस्त्रीला पोत्यात घालता येतं का?"

"छे, तो उघडाच बसणार."

"डिकोडरही तसाच उघडा असतो. मग त्यालाच धरू."

त्यांनी फाइलमधला डिकोडर शोधला, त्याची किल्ली वापरून पेलोड उलगडला. पाळीपत्रक पुसायचा हुकूम त्यातच होता. आता बाईंचं म्हणणं खरं ठरत होतं. पण दुरुस्तीवाल्याला हे ठाऊक होतं का?

तो हसतच आला. "काय फौजदार, या वयात कॉम्प्युटर शिकताय व्हय?"

"शिकव की. तक्ता तूच दिलास?"

"दिला की. तीन-तीन अँटिव्हायरसमधून काढून दिला. एकदम स्वच्छ."

मी ते शांतपणे लिहून घेतलं. मग विचारलं, "कोरा तक्ता ना रे? त्याला एवढी तपासणी कशाला?"

त्यानं पाणी मागितलं. चौकशीत माणसानं पाणी मागितलं की मी पेन खाली ठेवायचो. पुढचं त्यानं स्वतःच सांगितलं. संस्थेनं दुरुस्तीचं काम दुसऱ्याला दिलं होतं. पाळीपत्रक गेलं की आपल्यालाच बोलावतील, असा त्याचा हिशेब. त्याच्याकडून जप्त केलेल्या लॅपटॉपवर तोच पेलोड उघड्या रूपात सापडला, शेजारी पाळीपत्रकाची प्रत. कांद्याला पाणी मिळालं. बाई आपल्या खुर्चीवर परत बसल्या.

त्या दिवसापासून एक शिकलो. यंत्रानं वस्तू स्वच्छ म्हटली म्हणून शेजारचा माणूस गुन्हेगार ठरत नाही. वस्तू आत गेल्यावर काय करते, ते बघावं.

मॅडमनी एकच मागितलं होतं, "काका, माझ्या वर्गात येऊन ही पोत्यांची गोष्ट तुम्हीच सांगा." नववीत शाळा सुटलेला मी फळ्यासमोर काय उभा राहणार, म्हणून टाळत आलो. पण मॅडम, मी नेवाशाला येणार आहे. गोष्ट मी सांगेन. फळ्यावर लिहायचं तेवढं तुम्ही लिहा.