नथीएवढी तांबी

भाचीसोबत सरकारी दवाखान्यात गेले होते. सिस्टरनं नमुना म्हणून एक तांबी, म्हणजे कॉपर-टी, बाकावरच्या बायकांकडे दिली आणि सराफाच्या दुकानात दागिना पारखावा तशी ती हातोहात फिरू लागली.

“अगं बाई, नथीएवढीशी! ही दहा वर्षं नवऱ्याला थोपवणार?”

“नवऱ्याला नाही मावशी, पाळण्याला,” सिस्टर म्हणाली. अख्खा बाक खिदळला.

तान्ही लेक मांडीवर घेतलेली एक बाविशीची बाई मात्र बोटांच्या पेरांवर मोजत होती. “म्हणजे ही पाचवीत जाईल. तोवर माझं राहिलेलं कॉलेज होईल, नोकरीही लागेल.” तिनं लेक माझ्याकडे दिली आणि ती आत गेली.

तांबी माझ्याच हातात राहिली. माझं ते वय केव्हाच उलटलंय. तरी मीही पेरांवर मोजू लागले: माझ्या हाती अशी दहा वर्षं आली असती, तर?