तिसरी शिट्टी

बँडचा गायक गंधार याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघत नाही, हे शुभदाला सात वर्षांत पुरतं कळलं होतं. तरी "आपण आता इंग्लिशमध्ये गाऊ या" असं तो म्हणाला तेव्हा तिला वाटलं, आठवड्याभरात विसरेल. कसलं विसरतोय!

शुभदा मूळची नागपूरची. घर ब्लँचर्डस्टाउनला, नोकरी चेरीवूडला आणि बँडची तालीम क्लोनडॉकिनला एका गोदामामागच्या खोलीत. म्हणजे डब्लिनच्या तीन टोकांना तीन संसार, आणि पाठीवर बेस गिटार. आठवडाभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि शनिवारी 'मंद आच'साठी गाणी लिहायची. बँड सायकेडेलिक रॉकचा, एकेक गाणं आठ-दहा मिनिटांचं. गणेशोत्सवात मराठी मंडळींनी त्यांना एकदा बोलावलं आणि दुसऱ्याच गाण्यात आरतीची वेळ झाली म्हणून माइक काढून घेतला. पबमधले आयरिश लोक मात्र एक अक्षर न कळता डोलायचे.

त्यांना सगळ्यांत जास्त आवडायचं ते 'तिसरी शिट्टी'. हे गाणं शुभदाला आईने दिलं होतं, आणि तेही नकळत. आईला दोन वर्षांपासून बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. फोनवरचं बोलणं कळायचं, पण शेजारीच ठेवलेल्या कुकरची शिट्टी कळायची नाही. श्रवणयंत्र कपाटात पडून होतं. तेव्हा तिने आपल्या पद्धतीने तोड काढली. नागपुरात अकरा वाजता कुकर चढवायचा आणि डब्लिनला साडेसहाला लेकीला फोन लावायचा.

"किती झाल्या, सांग नं."

"दोन, आई. तिसरीला बंद कर."

दोन शिट्ट्यांच्या मधे गल्लीतल्या सगळ्या बातम्या व्हायच्या. तेच गाणं झालं. शिट्टीच्या जागी ड्रमवाला पियूष झांज घासायचा आणि अख्खा पब "तीन!" म्हणून ओरडायचा, चक्क मराठीत.

आणि हे गाणं गंधारला बदलायचं होतं. जूनमधल्या एका फेस्टिव्हलच्या आयोजकाने त्याला सांगितलं होतं, इंग्लिशमध्ये गायलात तर दुपारी चारची मोठ्या स्टेजवरची वेळ देतो.

"अगं, इथे कुकर आहे कुणाच्या घरात?" गंधार म्हणाला. "आपण 'थर्ड मून' करू. मून कसा युनिव्हर्सल आहे!"

"चंद्र शिट्टी मारतो का रे?"

"तू लिही तर खरं. ग्रँड होईल."

"मला काय," पियूष म्हणाला, "मी दोन्ही भाषांत तेवढंच बडवणार."

शुभदाने कपाळाला हात लावला, आणि लिहून दिलं. तिनेच लिहून दिलं, हे तिला सगळ्यांत जास्त टोचत होतं. नाही म्हटलं असतं तर बँड फुटला असता, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

इकडे आई वर्षभर मागे लागली होती, "माझ्यावर गाणं केलंस म्हणतेस, मग ऐकव की." शुभदाला ते रेकॉर्डिंगवर उरकायचं नव्हतं, खऱ्या स्टेजवरून ऐकवायचं होतं. फेस्टिव्हल ऑनलाइन दिसणार होता. शेजारच्या विद्याकाकूंनी आईला मोबाइल लावून द्यायचं कबूल केलं. भाषा बदलल्याचं शुभदाने आईला सांगितलं नाही. जीभच रेटली नाही.

कार्यक्रम झाला. टाळ्या पडल्या, गंधार हवेत होता. "तीन!" मात्र कुणी ओरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन वाजला. शुभदा डबा भरत होती.

"काल सगळं पाहिलं हो," आई म्हणाली. "जांभळा कुर्ता छान दिसत होता. पण माझं गाणं नाही वाजवलं का गं? शेवटपर्यंत बसले होते. विद्या म्हणाली, मधे नेट गेलं होतं, तेव्हाच होऊन गेलं असेल."

शुभदाला गंधारचा संताप आला, त्या आयोजकाचा आला, चंद्राचाही आला. पण खरा संताप स्वतःचाच होता. 'हो, तेव्हाच झालं' म्हणून सुटता आलं असतं. आईने वाट करूनच दिली होती.

"नेटचा दोष नाही, आई," ती म्हणाली. "आम्ही त्याचे शब्दच बदलले. तुझं गाणं आता म्हणते, ऐक."

ती बँडमध्ये कधी गायली नव्हती. आवाज भसाडा, सूर भलतीकडे, हातात पोळीचा डबा. तरी म्हणत राहिली. तिकडे पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा ती कडव्याच्या मधोमध होती. नाइलाजाने थांबली.

"तीन झाल्या, आई. गॅस बंद कर."

"होऊ दे चौथी," आई म्हणाली. "तू म्हण पुढे."